काशीद : निवांत सुट्टी आणि भरती-ओहोटीचे गणित

मुंबई-पुण्याच्या धकाधकीतून दोन दिवस सवड काढून मित्रमंडळींसह समुद्रकिनारी निवांत पडून राहावे, ही इच्छा पूर्ण करण्यासाठी दूरच्या बेटांवर जाण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील काशीद हे त्यासाठी पुरेसे आहे. अलिबागपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला असलेल्या या गावाला जवळजवळ ३ किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे. कोकणात सर्रास दिसणाऱ्या काळसर वाळूऐवजी येथे पांढुरकी, मऊ वाळू आहे. मागे सुरूची झाडी, दोन्ही टोकांना डोंगर आणि समोर अरबी समुद्र, असा हा देखणा परिसर आहे. मात्र हा समुद्र जितका सुंदर, तितकाच फसवा आहे. त्यामुळे सहलीचे वेळापत्रक ठरवताना कॅलेंडरातील सुट्टीबरोबर त्यातील तिथीही पाहणे अगत्याचे ठरते.

कसे जाल?

मुंबईहून रस्त्याने काशीद सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबाग आणि तेथून चौल, रेवदंडा असा नेहमीचा मार्ग. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडण्याचा वेळ बराच वाचतो. पुण्याहून येणाऱ्यांना खोपोली, पेणमार्गे अलिबाग गाठता येते.

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत लाँचने येण्याचा प्रवास अधिक आनंददायी. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर असून तेथून मुरुडकडे जाणाऱ्या एसटी बस काशीदवरून जातात. गेटवेची लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. स्वतःची गाडी सोबत हवी असल्यास भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली.

वाटेवरचे चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याच बंदरात उतरला होता. रेवदंड्याला पोर्तुगीजकालीन तटबंदी आहे. पुढे कुंडलिकेची खाडी ओलांडून साळाव, कोर्लई, बोर्ली करत रस्ता समुद्राला बिलगून काशीदला पोहोचतो. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही बोलली जाते.

केव्हा जाल?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा वाढतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत काशीद हिरवेगार दिसते, परंतु समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पारंपरिक कोळी समाजही नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करूनच होड्या पाण्यात लोटतो. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे ज्या दिवसांत किनाऱ्यावर थांबतात, त्या दिवसांत पाहुण्यांनी पाण्यात उतरण्याचे धाडस करू नये.

भरतीचे गणित

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती काढण्याची सोपी रीत किनाऱ्यावरील लोकांना ठाऊक आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा ढोबळ अंदाज आहे. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात.

आता हे गणित शनिवार-रविवारच्या सहलीला लावून पाहावे. मंडळी सकाळी निघतात, दुपारी पोहोचतात, जेवण उरकतात आणि तीन-चारच्या सुमारास पाण्याकडे धावतात. त्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावास्या असेल, तर दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती येऊन गेलेली असते आणि सायंकाळी साडेपाच-सहापर्यंत पाणी वेगाने आत ओढले जात असते. पर्यटकांच्या उत्साहाची वेळ आणि ओहोटीच्या जोराची वेळ नेमकी एकच येते. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याच्या पातळीतील फरक कमी राहतो आणि दुपारनंतर पाणी किनाऱ्याकडे येत असते. म्हणून समुद्रस्नानाचा बेत असलेल्यांनी अष्टमीच्या आगेमागे येणारा शनिवार-रविवार निवडावा. पौर्णिमा गाठायचीच असेल, तर चांदण्यातील वाळूवरच्या गप्पांसाठी गाठावी.

तिथी पाहिली म्हणजे धोका टळला, असे मात्र समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी १४ जण काशीदच्या शेजारच्याच मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले. हिवाळ्याचे दिवस, भर दुपार आणि तिथी कृष्ण अष्टमी, म्हणजे भांगाची. वरवर पाहता सर्व काही अनुकूल होते.

शांत दिसणारे पाणी

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी कोठून तरी परत जाणे भाग असते. वाळूच्या उंचवट्यांमधून जेथे खोलगट वाट मिळते, तेथून ते अरुंद प्रवाहाने जोरात समुद्रात परततो. या वाटेवर लाटा कमी फुटतात. त्यामुळे तेथील पाणी आजूबाजूपेक्षा शांत दिसते आणि न पोहणारी मंडळी नेमकी तीच जागा निवडतात. काशीदचा किनारा खुल्या समुद्राकडे तोंड करून आहे. लाटांना आडोसा नाही. कमरेएवढे पाणी दोन पावलांत गळ्याशी येऊ शकते.

अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने जोर लावून पोहू नये. त्यात दमछाक होते आणि बुडण्याचे तेच मुख्य कारण ठरते. प्रवाह अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परतावे. ते जमत नसेल, तर हातपाय न झाडता तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. किनाऱ्यावरील मित्रांनी एकामागोमाग पाण्यात उड्या घेऊ नयेत. एकाला वाचवताना दुसरा जातो, तो असाच. दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे, स्थानिक जीवरक्षकांना वा बोटचालकांना हाक द्यावी आणि ११२ हा क्रमांक फिरवावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

मित्रांच्या गटाने आणखी दोन पथ्ये पाळावीत. मद्यपान केलेल्याला पाण्याजवळ जाऊ देऊ नये. येथे भीड कामाची नाही. आणि गट कितीही मोठा असो, एकाने कायम काठावर बसून डोकी मोजावीत. बोटीच्या खेळांत भाग घेताना जीवरक्षक जॅकेट नीट बांधले आहे ना, हे स्वतः पाहावे. गाडी वाळूवर नेऊ नये. भरती आली की ती तेथेच रुतते.

काय पाहाल?

काशीदपासून सुमारे १८ किलोमीटरवर मुरुड आणि त्यापुढे राजपुरी गाव आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थच बेट. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना, इंग्रजांना वा पोर्तुगीजांना कधीच जिंकता आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरुडसमोरच्या कासा खडकावर बांधलेला पद्मदुर्गही किनाऱ्यावरून दिसतो. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लावणे लाटांवर अवलंबून असते. नावाडी नाही म्हणाला तर हट्ट धरू नये.

डोंगरावर फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान असलेले हे सुमारे ७० चौरस किलोमीटरचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. बिबट्या, शेकरू, गारंबीचे प्रचंड वेल ही त्याची वैशिष्ट्ये. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. समुद्राची वेळ प्रतिकूल असेल, तर ती दुपार या जंगलात सार्थकी लागते. सुपेगावातून आत प्रवेश मिळतो.

कुठे राहाल?

काशीद, नांदगाव, मुरुड या पट्ट्यात रिसॉर्टपासून ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या लावलेल्या वाड्यांपर्यंत सर्व प्रकार आहेत. मोठ्या गटासाठी घरगुती निवास अधिक सोयीचा. सुरमई, कोळंबी, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि आधी सांगितल्यास उकडीचे मोदकही मिळतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने येथील नारळी-पोफळीच्या बागा आणि सुरूची बने मोडली. सुपारीची बाग नव्याने धरायला वर्षे लागतात. अशा काळात बागायतदार कुटुंबांना पाहुण्यांच्या राबत्याचा मोठा आधार होतो. या घरांत उतरण्याचा आणखी एक लाभ आहे. आज पाण्यात कधी जावे आणि कुठे जाऊ नये, हे यजमानांना विचारता येते. सहलीतला पहिला प्रश्न तोच असावा.