पुतळ्यांची माळ आणि तिचा कालनिर्णय

वंशपरंपरेने आलेल्या दागिन्याचे वय घराण्यातील कथेवरून ठरविण्याची रीत महाराष्ट्रात रूढ आहे. 'पेशवाईतील माळ' असा उल्लेख अनेक घरांतून ऐकू येतो. तो खरा असू शकेल. परंतु कथा म्हणजे प्रमाण नव्हे. नाण्यांनी घडविलेल्या पुतळ्यांच्या माळेत पडताळणीचे साधन दागिन्यातच असल्याने तिचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे डुकाट हे सुवर्णनाणे होय. ते १२८४ मध्ये प्रथम पाडण्यात आले आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताकाचा अंत होईपर्यंत त्याचे स्वरूप जवळजवळ कायम राहिले. त्याचे वजन सुमारे ३.५ ग्रॅम असून सोने जवळजवळ शुद्ध असे. तांबड्या समुद्राच्या व्यापारमार्गाने ही नाणी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा निर्वाचित राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी युक्त अशा बदामाकृती वलयात उभा असलेला ख्रिस्त, अशी त्यावरील चित्रे आहेत. या मानवाकृतींमुळेच 'पुतळी' हे नाव रूढ झाले.

या नाण्यावर वर्ष नसते. डोजेचे नाव असते. लुदोविको मानिन हे नाव वाचता आल्यास नाणे १७८९ ते १७९७ या काळातील ठरते. मात्र अल्विझे मोचेनिगो या नावाचे चार डोजे होऊन गेले. पहिला १५७० मध्ये, तर चौथा १७६३ मध्ये अधिकारारूढ झाला. अशा वेळी केवळ नाव पुरेसे होत नाही. कोरणीची शैलीही ताडून पाहावी लागते.

दुसरी अडचण अनुकरणाची. या नाण्यांच्या प्रतिकृती हिंदुस्थानातही तयार होत. लॅटिन लिपी न जाणणारा कारागीर अक्षरांच्या जागी निरर्थक रेघा उमटवी आणि आकृतीही ओबडधोबड होत. शुद्ध सोन्याची प्रतिकृती घडविणे सोनारास अशक्य नसल्याने केवळ कसोटीवर कस लावून हा भेद उलगडत नाही.

नाणे अस्सल ठरले तरी त्यावरून माळेची केवळ पूर्वमर्यादा निश्चित होते. मानिनचे नाणे १८१८ पूर्वी ओवले गेले असेल, तसेच १८७० मध्येही. म्हणून माळेतील सर्वांत अलीकडचे नाणे प्रथम शोधावे. ते मागाहून घातलेले नाही ना, हे ओवण्यासाठी झाळून बसविलेल्या कड्यांवरून पाहावे. इतर कड्यांहून तिची घडण वेगळी असल्यास संशयास जागा राहते. नाणे गुळगुळीत झिजलेले आणि कडी मात्र ताजी असेल, तर नाणे दीर्घकाळ वापरात राहून मग दागिन्यात आले, अथवा कडी मागाहून बदलली गेली. रेशमी दोरा पटवेकऱ्याकडून वेळोवेळी नवा करून घेतला जात असल्याने त्याचा पुरावा दुर्बळ होय.

माळ मोडीत निघाली की नाव, झीज आणि कडी हे तिन्ही पुरावे मुशीत नाहीसे होतात. तत्पूर्वी प्रत्येक पुतळीचे स्वतंत्र वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि घराण्यातील कथा यांची नोंद होणे अगत्याचे आहे. पडताळणीअंती 'पेशवाईतील' माळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरली, तरी जुने परकीय चलन मराठी घरात स्त्रीधन कसे झाले, याचे ते विश्वसनीय साधन राहते.