पाणसर्पांची खूण

इंग्रज कवी कोलरिज याचे वृद्ध नाविकाच्या समुद्रप्रवासावरील दीर्घकाव्य १७९८ साली प्रसिद्ध झाले. नाविक निष्कारण एका आल्बट्रॉस पक्ष्याला बाणाने मारतो. वारा पडून जहाज भरसमुद्रात अडकते. दोनशे सोबती त्याच्या डोळ्यांदेखत मरून पडतात. ही कथा ‘पाप आणि शिक्षा’ एवढ्याच अर्थाने सांगण्याचा मोह उपदेशकास होतो. तो अर्थ खोटा नव्हे. परंतु अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

या काव्याशेजारी एक जुने पत्र ठेवून पाहू. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील महिन्यात त्यांनी वडिलांस या प्रवासाची हकीकत लिहिली. विषुववृत्ताजवळ वारा पडला. पुढे लोकांच्या हिरड्या व पाय सुजले. दीडशेवर आजारी पडले, सत्तावीस दगावले. अन्नपाणी सरत आले तेव्हा किनाऱ्याच्या खुणा दिसू लागल्या : हिंदुस्थानचे पक्षी, ताडामाडाच्या झावळ्या आणि पाण्यावर पोहणारे साप. साप दिसले की, वारा अनुकूल असल्यास, दुसऱ्या दिवशी भूमी दिसे. तसेच घडले.

कोलरिजने हे पत्र वाचले होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या काव्यातही सुटकेची पहिली खूण पाणसर्पच आहेत. नाविकाला आरंभी समुद्रातील बुळबुळीत जीवांची किळस येते. तो प्रार्थना करू पाहतो, पण शब्द उमटत नाही. मग चांदण्यात पाणसर्प त्याला सुंदर दिसतात व नकळत तो त्यांना आशीर्वाद देतो. त्याच क्षणी त्याला प्रार्थना साधते. गळ्यातील मृत पक्षी गळून पडतो.

हा क्रम ध्यानात घ्यावा. आशीर्वाद आधी, प्रार्थना नंतर. आणि तो आशीर्वादही त्याने कमावलेला नाही, त्याला दिलेला आहे. निनवेवर रुष्ट झालेल्या योनालाही देवाने अखेर त्या नगरातील गुराढोरांची आठवण दिली. ‘प्रार्थना होत नाही’ असे सांगत येणाऱ्या विश्वासणाऱ्यास आपण बहुधा अधिक प्रार्थना करावयास सांगतो. कृपा आज्ञेने येत नाही. पण ज्याची त्याला किळस वाटते, तिकडे पुन्हा एकदा पाहावयास त्याला सांगता येईल.

मात्र कृपेने भूतकाळ पुसला जात नाही. नाविकाला आपली कथा पुनःपुन्हा सांगावीच लागते, कारण वेदना त्याला सोडीत नाही. स्टीफन्स यांनी समुद्र ओलांडून तारणाची कथा सांगितली ती ऐकणाऱ्यांच्या भाषेत. १६१६ साली ती मराठी ओव्यांत छापली गेली.

येथे उणकलच्या तळ्याकाठी समुद्र दूर आहे. परंतु दिवड दिसताच दगड उचलणारा हात सर्वत्रच आहे. धर्मशिक्षकाने ही कथा सांगताना बाणापाशी थांबू नये. त्या सापांपर्यंत जावे.