यष्टीची खिडकी

विमानाचा सिनेमा विमानवेड्याशेजारी बसून पाहू नये. आमचे मेहुणे त्यातले. १९७९च्या ‘द कॉन्कॉर्ड... एअरपोर्ट ’७९’मध्ये वैमानिक उडत्या कॉन्कॉर्डची खिडकी उघडून हात बाहेर काढतो आणि मागं लागलेल्या क्षेपणास्त्राला चकवायला पिस्तुलातून फ्लेअर झाडतो. मेहुणे ताडकन उठले, “ही काय यष्टी आहे?” (यष्टीची खिडकीही इतकी सहज उघडत नाही, ते असो.)

पुढं १९९५चा ‘फॉलिंग फ्रॉम द स्काय: फ्लाइट १७४’ पाहिला. नवंकोरं बोइंग ७६७, ४१,००० फुटांवर इंधन आटल्याचा इशारा! का, तर भरताना हिशेब चुकला. मग कॅप्टन नेमका ग्लायडरवाला निघतो आणि दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ते धूड मोटारशर्यतीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवतो. या खेपेला मी उसळलो, “काहीतरीच! इतक्या जणांनी तपासलेला हिशेब चुकतो होय?”

“भाऊजी, हे खरं घडलंय. २३ जुलै १९८३, कॅनडातलं गिमली. लिटरला १.७७नं गुणलं. आले पौंड, समजले किलो. ६९ माणसं होती, सगळी वाचली.”

मी गप्प. आमच्या शाखेत एकदा पासष्ट पैशांच्या फरकापायी सगळे रात्री अकरापर्यंत बसले होते. चूक माझ्याच बेरजेत होती, आणि त्या बेरजेखाली तीन सह्या होत्या.