चिलीची मिश्र लाल वाइन
चिलीची मिश्र लाल वाइन : दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांच्या वाइन ठरावीक प्रमाणात एकत्र करून ओकच्या पिंपांत मुरवलेली उंची वाइन. काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात बहुधा तिचा कणा असते. जोडीला कार्मेनेर, मर्लो, काबर्ने फ्रां इत्यादी असतात. मूळची फ्रान्समधील बोर्दोची कार्मेनेर चिलीत दीर्घकाळ मर्लो समजली गेली. १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झां-मिशेल बुर्सिको यांनी तिची ओळख पटवली. माइपो खोऱ्यातील ‘आल्माव्हिवा’ व आकोंकाग्वा खोऱ्यातील ‘सेन्या’ ही अशा मिश्र वाइनची प्रसिद्ध उदाहरणे.

परीक्षण : वाइन साधारण १६° ते १८° से. तापमानाला चाखतात. प्रथम रंगाची घनता पाहतात, मग पेला हलकेच फिरवून गंध घेतात. काबर्नेमुळे काळ्या बेरीफळांचा, तर कार्मेनेरमधील पायराझिन या संयुगांमुळे ढोबळी मिरचीसारखा गंध येतो; द्राक्षे अपुरी पिकल्यास तो उग्र होतो. चवीत टॅनिनचा तुरटपणा, आम्लता, अल्कोहोल व फळांचा स्वाद यांचा तोल निर्णायक ठरतो. घोटानंतर रेंगाळणारी चव उत्तम प्रतीची खूण होय.

नावे झाकून केलेले परीक्षण सर्वांत निःपक्षपाती. २००४ मध्ये बर्लिन येथील अशा परीक्षणात चिलीची ‘व्हिन्येदो चाडविक’ (हंगाम २०००) पहिली व ‘सेन्या’ (हंगाम २००१) दुसरी आली; बोर्दोची ‘शातो लाफित’ तिसरी ठरली. त्यामुळे चिलीच्या वाइनला जागतिक प्रतिष्ठा लाभली.