रंगाच्या फवाऱ्याची कुळकथा

हत्यारांचा इतिहास बहुधा विजयकथेच्या थाटात लिहिला जातो. नवे हत्यार आले, जुने मागे पडले, कामाचा वेग वाढला, एवढे सांगून इतिहासकार पुढे सरकतो. रंगाऱ्याच्या फवाऱ्याची कथा मात्र इतकी सरळ नाही. कुंचला जेवढा रंग उचलतो तेवढा तो भिंतीच्या हवाली करतो. एखाददुसरा थेंब खाली गळेल इतकेच. फवारा तेच काम कितीतरी पट वेगाने उरकतो, परंतु त्याने उधळलेल्या रंगाचा काही वाटा भिंतीवर न बसता हवेतच तरंगत राहतो. हा हवेतला वाटा कोणाच्या पदरी पडतो, या प्रश्नाभोवती या हत्याराचा सारा इतिहास फिरतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

रंग फुंकून उडविण्याची कल्पना माणसाला फार जुनी आहे. खडकावर हाताचा पंजा ठेवायचा, तोंडात धरलेला पातळ रंग त्यावर फुंकायचा आणि हात काढून घेतला की मागे उरलेली मोकळी आकृती पाहायची, हा आदिमानवाचा छंद होता. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर असे जे पंजे सापडले आहेत, त्यांतील काहींचे वय सुमारे ४० हजार वर्षे भरते. तेव्हा आधुनिक युगाने या कल्पनेत नवी भर घातली ती घाईची.

ही घाई सर्वांत ठळकपणे दिसली ती शिकागो शहरात. १८९३ सालचे शिकागो आपणांस ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांच्या सर्वधर्मपरिषदेतील भाषणामुळे. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्याच्या इमारती शहराच्या दक्षिणेस सरोवराकाठी उभारल्या होत्या. बाहेरून त्या संगमरवरी प्रासादांसारख्या भासत. प्रत्यक्षात सांगाड्यावर प्लास्टर आणि तागासारखे धागे यांच्या मिश्रणाचा थर चढविलेला होता. वस्तुनिर्मितीच्या दालनाची एकच इमारत १,६८७ फूट लांब व ७८७ फूट रुंद होती. एवढ्या पृष्ठभागाला ठरलेल्या दिवसाच्या आत रंग कसा द्यावा, हा बांधकामाचे प्रमुख डॅनिएल बर्नहॅम यांच्यापुढील पेच होता. निरनिराळ्या रंगांचा विचार मागे पडून सर्व प्रमुख इमारती शुभ्र करावयाचे ठरले. आधीचे रंगप्रमुख काम सोडून गेले आणि त्यांच्या जागी फ्रान्सिस मिलेट नावाचा चित्रकार आला. त्याने रबरी नळी, गॅसच्या नळापासून केलेली तोटी आणि पंप यांच्या साहाय्याने तेलात कालवलेला सफेदा भिंतींवर फवारण्याची युक्ती काढली. ‘श्वेतनगरी’ हे त्या प्रदर्शनाला मिळालेले नाव बऱ्याच अंशी या तोटीची कमाई होय. परंतु सफेदा म्हणजे शिसे! त्याचे तुषार त्या कामगारांच्या श्वासाबरोबर किती आत गेले असतील, याचा विचार करण्याची तेव्हा कोणाला उसंत नव्हती.

या शोधाचे श्रेय मिलेटला द्यावे की जोसेफ बिंक्स याला, याविषयी मतभेद आहेत. बिंक्स हा त्याच शहरातील मार्शल फील्ड यांच्या विशाल दुकानाच्या देखभालीचे काम पाहत असे. तळघराच्या भिंतींना सफेदी देण्यासाठी १८८७ च्या सुमारास त्याने हातपंपाचे एक यंत्र रचले, असे सांगतात. वाद कसाही मिटो. दोघांच्याही मागे प्रेरणा एकच होती. पृष्ठभाग अफाट आणि वेळ थोडा.

फवाऱ्याचे दुसरे कूळ याहून विलक्षण आहे. ओहायो राज्यातील टोलीडो शहरी डॉ. ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाच्या विकारांवर उपचार करणारे वैद्य होते. रोग्याच्या घशात औषध नेमके पोहोचावे म्हणून त्यांनी १८८८ मध्ये औषधाचे सूक्ष्म तुषार करणारे उपकरण तयार केले. त्यांचा मुलगा टॉमस याने पुढे त्याच तत्त्वावर रंग उडविणारी बंदूक बनविली. हे वर्ष १९०७. ज्या साधनाचा जन्म घसा बरा करण्यासाठी झाला, त्याच्याच वंशजाने पुढे रंगाऱ्यांच्या घशाला आणि छातीला त्रास द्यावा, हा दैवदुर्विलास खराच. पण त्यात एक साधा नियमही आहे: जे तुषार औषध खोलवर नेतात, ते विषही तितक्याच सहजतेने नेतात.

या बंदुकीची रचना समजून घेण्यासारखी आहे. कॉम्प्रेसरमधून आलेली दाबाखालची हवा तोंडाशी वेगाने बाहेर पडते व पेल्यातील रंग ओढून घेऊन त्याचे कण करते. घोडा दाबला की आतली सुई मागे सरते आणि रंगाला वाट मिळते. तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या शिंगांतून येणारे हवेचे झोत गोल फवाऱ्याला चपटा करून त्याचा पंखा बनवितात. कसब मात्र हाताचेच. बंदूक भिंतीपासून सहा ते आठ इंचांवर आणि भिंतीशी काटकोनात धरावी लागते. मनगटातून हात कमानीसारखा फिरला की मध्ये रंग दाट आणि कडांना विरळ बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावयाचा असतो. फार जवळ गेल्यास ओघळ येतात. फार दूर गेल्यास कण वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. एवढी दक्षता घेऊनही या जुन्या पद्धतीत निम्म्याहून अधिक रंग बहुधा वायाच जातो, कारण ज्या हवेने कण केले तीच हवा भिंतीवर आपटून त्यांना माघारी उडविते.

मोटारींच्या कारखान्यांनी हा तोटा आनंदाने पत्करला. पूर्वी मोटारीला व्हार्निशचे हात देऊन ते वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ मध्ये ‘ड्युको’ हा झटपट सुकणारा रंग ओकलंड मोटारींवर आला. तो इतक्या त्वरेने वाळे की कुंचल्याला सफाईने फिरण्यास अवधीच मिळेना. बंदूक ही तेथे चैन न राहता गरज झाली. घरे रंगविणाऱ्यांच्या धंद्यात मात्र तिला विरोध झाला. अमेरिकेतील रंगाऱ्यांच्या संघटनेने विसाच्या दशकात फवारायंत्राविरुद्ध आवाज उठविला. त्यामागे रोजगार जाण्याची भीती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आरोग्याची तक्रार हा निव्वळ बहाणा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१३ मध्येच रंगाऱ्यांच्या धंद्यातील शिशाच्या विषबाधेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि कोरडा रंग घासताना उडणाऱ्या धुळीकडे बोट दाखविले होते. १९२१ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सफेद्यासंबंधी एक करार संमत केला. घरांच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये, हे त्याचे मुख्य कलम. आणि जेथे त्याचा वापर चालू राहील तेथे फवारणीपासून व कोरड्या घासण्यापासून होणारा धोका टाळण्याचे उपाय योजावेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. हवेतल्या वाट्याची कायद्याच्या भाषेत घेतलेली ही एक महत्त्वाची नोंद होय.

यानंतरच्या सुधारणा पाहिल्या म्हणजे त्या सगळ्या याच वाट्याला कात्री लावण्यासाठी झाल्या असे दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हवेवाचून चालणारी यंत्रे प्रचारात आली. त्यांत रंगावरच दर चौरस इंचास दोन-तीन हजार पौंड दाब देऊन तो बारीक छिद्रातून सोडतात. हवेचा झोत नसल्याने रंग कमी उधळतो, घट्ट रंगही चालतो, आणि बंदूक सुमारे एक फूट अंतरावर धरता येते. पण या दाबाने नवेच संकट आणले. छिद्रापुढे बोट गेले तर रंग कातडीत घुसतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आणि उपचाराला विलंब झाल्यास बोट कापावे लागण्याची पाळी येते. दुसरी सुधारणा याच्या उलट दिशेची: हवा भरपूर, पण तोंडाशी तिचा दाब १० पौंडांपेक्षा अधिक नाही. कॅलिफोर्नियातील हवाशुद्धीच्या नियमांनी तिला चालना दिली. तेथे फवारलेल्या रंगापैकी निदान ६५ टक्के वस्तूवर बसला पाहिजे, अशी अपेक्षा धरण्यात आली.

आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. म्हणजे जिनिव्हाच्या करारानंतर जवळजवळ एका शतकाने. तरीही जुन्या इमारतींवरील जुने थर जागच्या जागी आहेत, आणि नवा हात देण्यापूर्वी ते घासले जातात. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. बदलीच्या गावी सरकारी निवासस्थानाचा ताबा घेताना ताज्या रंगाच्या वासाने ज्यांचे मन प्रसन्न होते, त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रंगकामाच्या अंदाजपत्रकात रंगाचे डबे आणि मजुरीचे दिवस मोजलेले असतात; मुखवट्याची रक्कम त्यात असतेच असे नाही.

आजही निष्णात रंगारी नव्या प्लास्टरवर फवारा मारल्यावर, ओल्या रंगावरून लगेच रूळ किंवा कुंचला फिरवितात. त्यावाचून रंग भिंतीच्या छिद्रांत नीट मुरत नाही. सव्वाशे वर्षांच्या घोडदौडीनंतरही यंत्राला हाताची मदत घ्यावी लागते. त्या हातामागे श्वास घेणारी छाती आहे, एवढे ज्या हत्याराने ओळखले तेच पुढचे हत्यार ठरले, असे या कुळकथेचे सार सांगता येईल.