सायकल एकच, चोर दोन

जागतिक सिनेमाशी माझा संबंध आला तो आमच्या शाखेच्या हेड कॅशिअरांमुळे. हा गृहस्थ दिवसभर लोकांच्या नोटा मोजतो आणि संध्याकाळी फिल्म सोसायटीत जाऊन जपान-हंगेरीच्या लोकांची दुःखं मोजतो. सोसायटीला सभासद कमी पडत होते, म्हणून त्यांनी मला ओढून नेलं. मी पडलो बी.कॉम. तिकिटाच्या पैशांत गाणी किती पडली आणि मारामाऱ्या किती, एवढंच माझं चित्रपटशास्त्र. पहिल्या दोन चित्रपटांत मला उत्तम झोप लागली. तिसऱ्या वेळी हेड कॅशिअर म्हणाले, "आज जागे राहा. आज आपल्या खात्याचा विषय आहे."

चित्रपट होता 'बायसिकल थीव्हज'. व्हित्तोरिओ द सिका यांनी १९४८ साली काढलेला. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, रोममध्ये कामापेक्षा माणसं जास्त. आन्तोनिओ नावाच्या बेकाराला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी लागते. अट एकच, सायकल हवी. आणि सायकल गहाण पडलेली! मग त्याची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि गहाण ठेवायला नेते.

इथे मी खुर्चीत ताठ बसलो. आमच्याकडे सोन्यावर कर्ज मिळतं, घरावर मिळतं. चादरींवर कर्ज मागायला अजून कोणी आलेलं नाही. चादरी गेल्या, सायकल आली. जे येतं ते डेबिट, जे जातं ते क्रेडिट. नोंद बिनचूक! पण तेवढ्यात तिथला नोकर त्या चादरींचं गाठोडं घेऊन घोड्यावर चढायला लागतो. खालपासून वरपर्यंत नुसती गाठोडी. म्हणजे अख्खं रोम उघड्या गादीवर झोपत होतं. एवढं तारण एका जागी मी उभ्या नोकरीत पाहिलेलं नाही, आणि एवढं वाईटही कधी वाटलेलं नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी आन्तोनिओ रिटा हेवर्थचं पोस्टर भिंतीला डकवत असताना सायकल चोरीला जाते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे बाप आणि त्याचा छोटा मुलगा ब्रूनो यांनी रविवारभर रोम पालथं घालणं.

या चित्रपटामागची हकीकतही हिशेबात बसणारी नाही. हॉलिवूडचे निर्माते सेल्झनिक पैसे घालायला तयार होते. फक्त नायक म्हणून कॅरी ग्रँटला घ्या म्हणाले. कॅरी ग्रँटची सायकल चोरीला गेली तर तो टॅक्सी करील, हे शेंबड्या पोरालाही कळतं. द सिकांनी नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी नावाच्या खऱ्याखुऱ्या कारखाना-कामगाराला उभं केलं. चित्रपट जगभर गाजला, ऑस्करचा खास सन्मान मिळाला. माज्जोरानी मुकाट्याने कारखान्यात परतला, तर थोड्याच काळात त्याला कामावरून कमी केलं. यानं सिनेमात लाखो मिळवले असतील, मग दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय कशाला, असा त्यांचा हिशेब! पडद्यावर बेकार होता तो नोकरीवर, आणि पडद्यावरून उतरल्यावर बेकार.

ही सायकल आपल्याकडेही आली. सत्यजित राय यांनी १९५० साली हा चित्रपट लंडनमध्ये पाहिला, आणि 'पथेर पांचाली' अशाच रीतीनं काढायचा हे मनाशी पक्कं केलं. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे तो बिमल रॉय यांनी पाहिला, आणि १९५३ साली 'दो बीघा जमीन' आला. कर्जापायी जमीन वाचवायला बलराज साहनी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतात, बरोबर पोरगा. चाकं बदलली, बापलेक तेच.

पण मी इतिहास सांगतोय तो खरी गोष्ट लांबवायला.

१९८९ साली, मी चौथीत असताना, आमच्या बाबांची सायकल मंडईबाहेरून चोरीला गेली. बाबा छापखान्यात कंपोझिटर. रात्रपाळी संपली की बस मिळायची नाही. चौकीतल्या हवालदारानं सांगितलं, "रविवारी जुन्या बाजारात बघा." आम्ही गेलो. कुलपं, नळ, पंख्यांची पाती आणि सायकलींची रांग. बाबांनी एका सायकलच्या हँडलवर हात ठेवला. दुकानदार चहा आणायला गेलेला. बाबांनी स्टँड काढला, तोच मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "बाबा, ही आपली नाही! आपल्या घंटीला चीर आहे!"

बाबांनी स्टँड लावला. म्हणाले, "आपलीच वाटली." परतताना त्यांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही.

आता चित्रपटाचा शेवट. हरलेला आन्तोनिओ पोराला ट्रामनं पुढे जायला सांगतो आणि दारात उभी असलेली एक सायकल घेऊन पळतो. पकडला जातो. लोक थोबाडीत मारतात आणि ब्रूनो, ट्राम चुकलेला, ते सगळं पाहतो. मालक त्याला सोडून देतो. बाप रडतो. पोरगा बापाचा हात धरतो.

मूळ इटालियन नावात चोर अनेकवचनी आहेत. अमेरिकेत तो चित्रपट लावताना त्यांनी नाव एकवचनी केलं. आमच्या बँकेत एवढ्या चुकीसाठी चेक परत जातो!

दिवे लागले. हेड कॅशिअर म्हणाले, "निओरिअ‍ॅलिझम!" मी म्हटलं, "डोळ्यांत काहीतरी गेलं."

घरी आल्यावर बाबांना गोष्ट सांगितली. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण ही पूर्ण ऐकली.

"सायकल मिळाली का?"

"नाही."

"पोरगा काय म्हणाला?"

"काहीच नाही. हात धरला नुसता."

बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तू फार बोलायचास."