पंचरंगीचा निकाल छापखान्यात

डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेले. विचारायचे होते ते एवढेच, की यंदा पंचरंगी सामने खेळावेत की नाही? हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशा पाच संघांची ही स्पर्धा म्हणजे त्या काळी देशातल्या क्रिकेटची सर्वांत मोठी जत्रा. गांधीजींना क्रिकेटचे वेड नव्हते, पण मत होते. युरोपात युद्धात माणसे मरत असताना आणि इथे पुढारी तुरुंगात असताना असले उत्सव नकोत, असे त्यांनी सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. कॉलेजांचे, संस्थांचे संघ समजू शकतात, पण धर्मावार संघ कशाला, असा सवालही त्यांनी टाकला. निवेदन वर्तमानपत्रांत छापून आले आणि वादाला तोंड फुटले. त्या वर्षी हिंदूंचा संघ मैदानात उतरलाच नाही.

मुंबईत खेळाच्या निमित्ताने राजकारणावर मत मांडायची रीत मात्र त्याहून साठ वर्षे जुनी होती. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर पारशी पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच जमिनीवर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. गोऱ्यांना क्रिकेटसाठी बॉम्बे जिमखान्याची राखीव हिरवळ होती. तिथे एतद्देशीयांना प्रवेश नव्हता. १८८१ मध्ये चारशेहून अधिक पारशी तरुणांनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज धाडला. शापूरजी सोराबजी या चळवळीत पुढे होते. पुढे १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्यांनी हा पोलोचा तंटाही सविस्तर नोंदवून ठेवला. खेळाच्या इतिहासात अर्जविनंत्यांना इतकी जागा देणारा लेखक विरळाच. पण त्यांचे बरोबर होते. मैदान कोणाचे, हे ठरल्याशिवाय धावा मोजायच्या कशा?

पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरे उरलेले सगळे दाखल झाले आणि पाचवा रंग चढला. संघ धर्मावार म्हटल्यावर वार्ताहर, वाचक आणि अग्रलेखही बाजू घेऊनच बसणार, हे ओघाने आलेच.

या साऱ्या गदारोळात सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट आहे ती पालवणकर बंधूंची. कोकणातल्या पालवणचे हे चर्मकार कुटुंब. थोरले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात नोकरीला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. साहेब बाद झाला की आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. बॅट मात्र हातात कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने, बरीच भवति न भवति होऊन, त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचा या विजयात मोठा वाटा होता आणि धाकटे बंधू शिवरामही संघात होते. के. नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयावर लिहिले, ते धावसंख्येबद्दल नव्हे. या भावांना हिंदू जिमखान्यात मिळालेला प्रवेश आणि एका पंगतीत मिळालेली जागा हाच त्यांच्या लेखी खरा विजय होता. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसणे ही सक्ती, इथला बदल लोकांनी आपखुशीने केला, असा त्यांचा मुद्दा होता. सामन्याच्या बातमीतून समाजसुधारणेचा अग्रलेख काढायचा, ही त्या पिढीच्या संपादकांची हातोटी. हा आशावाद जरा जास्तच होता, हे पुढे दिसले. जिमखान्याच्या निवड समितीने कर्णधारपद बाळूंना दिले नाही.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही नाही.

१९२० साल उजाडले. जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. म्हणजे कोणाचे मत छापायचे, हा तंटाही तेव्हा ऐरणीवर होताच. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांत निवड समितीने आधी बाळूंना वगळले. मग कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या अनुभवी भावांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे सूत्रे दिली. दोघे भाऊ संघातून बाहेर पडले आणि आपले म्हणणे त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आणले. जातीमुळे आपल्याला डावलले, हे खेळाडूंनी स्वतःच्या नावाने, वर्तमानपत्रातून, सामने चालू असताना सांगितले. कोणी टिळक-आगरकरांच्या वादांवर ग्रंथ लिहावेत, पण मराठी माणसांनी छापलेल्या मतांच्या इतिहासात या निवेदनाची जागा त्यांच्या शेजारीच आहे. परिणामही झाला. अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे संघाचे नेतृत्वही त्यांना लाभले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले.

बाळूंनी पुढे १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईतून निवडणूक लढवली, तीही थेट आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अस्पृश्यांचा पहिला क्रिकेटवीर आणि अस्पृश्यांचा सर्वांत मोठा पुढारी समोरासमोर उभे, आणि दोघांच्या मागे आपापले प्रचारक! आज हे वाचताना कोणाची बाजू घ्यावी ते पटकन सुचत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

परत १९४० च्या वादाकडे येऊ. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने पंचरंगीविरुद्ध आघाडी उघडली. पत्र राष्ट्रीय बाण्याचे, संपादक मुसलमान, आणि म्हणणे असे की धर्मावार संघ म्हणजे फाळणीच्या राजकारणाला मैदानावरून खतपाणी. पण पंचरंगी सुरू झाली की याच पत्राची पाने सामन्यांच्या वर्णनांनी भरत. अग्रलेखात निषेध आणि खेळाच्या पानावर धावफलक! खप कशाने वाढतो, हे संपादकांना पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूला विजय मर्चंट यांच्यासारखे खेळाडू होते. त्यांचे म्हणणे, एवढ्या वर्षांत या सामन्यांनी दंगली घडवल्या नाहीत. उलट पारशी फलंदाजाच्या चौकाराला हिंदू प्रेक्षक टाळ्या देतो. वादाला आणखी एक पदर होता, त्याची चर्चा जरा दबक्या आवाजात होई. क्रिकेट बोर्डाने १९३४ पासून रणजी करंडक सुरू केला होता, पण पंचरंगीसारखी गर्दी त्याला जमत नव्हती. पंचरंगी बंद पडली तर रणजीचे भले होणार, हे बोर्डातल्या मंडळींना कळत होते. देशहिताच्या युक्तिवादाला तिकीटविक्रीचे असे अस्तर लावलेले असले की वाचकाने तो उलटून पाहावा.

लोक मात्र ब्रेबॉर्न स्टेडियमवर गर्दी करत राहिले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘इतर’ संघ १३३ मध्ये गारद झाला. फॉलोऑननंतर सगळे मिळून ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. सांगलीचा हा ख्रिस्ती मराठी माणूस त्रिशतक ठोकूनही डावाने हरणाऱ्या संघात होता. त्याच्याबरोबर ३०० धावांची भागी करताना भाऊ विवेकने केल्या २१. पुढच्या वर्षी मुसलमानांनी हिंदूंना एका गड्याने हरवले.

१९४५-४६ ची पंचरंगी अखेरची ठरली. १९४६ च्या ऑगस्टपासून दंगली पेटल्या, आणि धर्मावार संघांची बाजू छापील मजकुरात घेणेही अवघड झाले. बोर्डाने त्या जागी विभागवार संघांची स्पर्धा आणली. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये निघाले.